पिस्टन सोडा

खालच्या शेतांत पाणी उभं राहिलं त्याला पूर काही कारण नव्हता. बांधाला कुठंतरी बारीक पाझर फुटला होता आणि तो कुणाला सापडत नव्हता. आळीतल्या सगळ्यांनी कोबीची रोपं तिथल्याच वाफ्यांत टाकलेली. जागा सखल, माती मऊ, पाणी हाताशी. आता तेच पाणी रोपांच्या डोक्यावरून गेलं होतं. आदल्या दिवशी निदान शेंडे दिसत होते. आज सकाळी बांधावरून पाहिलं तर नुसता पत्रा अंथरल्यासारखा उजेड. आणखी एक रात्र अशी गेली तर मुळं कुजणार, आणि मुळं कुजली की सगळ्या आळीचा हंगाम गेला, हे लहान पोरांनाही कळत होतं.

आणि पंप एकच होता.

तो हातगाडीवर घालून पंपवाला दुकानापुढं आला तेव्हा सून दाराच्या फळ्या काढून भिंतीला लावत होती.

"मिस्त्री कुठंयत?"

"आहेत आत. काय झालं पंपाला?"

"ते मिस्त्रींना सांगतो."

"सांगा की. ते मला सांगतील, मग मी खोलीन. त्यापेक्षा मलाच सांगितलंत तर तेवढा वेळ वाचेल."

पंपवाल्यानं तोंड आंबट केलं. पंपावर देखरेख त्याची, त्यामुळं पंप बंद पडला की आळीच्या शिव्या आधी त्याला. "दम टाकतोय," तो म्हणाला. "सुरू होतो, चार घोट पाणी ओढतो आणि खोकायला लागतो. मग गप्प. रात्रभर दोर ओढून ओढून खांदा निखळला माझा."

तेवढ्यात मामंजी बाहेर आले. त्यांनी पंपाकडं पाहिलं, पंपवाल्याकडं पाहिलं आणि सावकाश मान डोलावली. पंपवाल्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मामंजींनी पुन्हा मान डोलावली. गावात त्यांची कीर्तीच तशी होती, मिस्त्री बोलतो कमी, पण समोरच्याचं सगळं नीट ऐकून घेतो. त्यांचा डावा कान साफ गेला होता आणि उजव्यानं मोठा आवाज तेवढा कळत होता, हे फक्त घरात ठाऊक होतं. सुनेला आणि सासूला. इंजिन मात्र त्यांना अजून ऐकू यायचं. पेचकसाची मूठ दातांत धरायची, टोक इंजिनाला टेकवायचं, डोळे मिटायचे. आतली कुठली वस्तू कुठं घासते ते त्यांना दातांतून कळायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही म्हाताऱ्याची लकब आहे.

नवरा लांबच्या गावी बोटीच्या इंजिनावर नोकरीला गेला, तो जाताना या दुकानात उभा राहूनच बापाच्या उजव्या कानाशी ओरडला होता, "बाबा, आता दुकानात हिचं ऐकायचं." मामंजींनी इतर कुणाचं नाही तरी तेवढं नेमकं ऐकलं. त्या दिवसापासून ते सुनेला विचारल्याशिवाय पान्याला हात लावत नव्हते. जन्म ज्या कामात गेला त्या कामात, कालपर्यंत ज्या मुलीला त्यांनी पाना कसा धरायचा ते शिकवलं, तिच्या तोंडाकडं ते बघत बसायचे. तिला ते बघवत नसे. पण सांगणार कसं? सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडलं की रस्त्यावरच्या चार माणसांना कळणार.

तिनं पंप आत घेतला. प्लग काढला, हेडचे बोल्ट सैल केले, हेड उचललं. आत डांबर ओतल्यासारखा काळा कुळकुळीत थर. पिस्टनच्या डोक्यावर कार्बन धरलेला, हेडच्या पोटात कार्बन, आणि धूर बाहेर जायचं भोक, जिथून एरवी अंगठा सहज जावा, तिथं करंगळी अडकत होती. इंजिनाला श्वास आत घेता येत होता, बाहेर टाकता येत नव्हता.

"पेट्रोलमध्ये तेल किती घालता?" तिनं विचारलं.

"हात आखडत नाही मी तेलाला. इंजिन जगलं पाहिजे."

"लाडानं पोर बिघडतं तसं झालंय. जादाचं तेल जळत नाही, आत चिकटून बसतं. गळा आवळलाय तुम्ही त्याचा."

"मिस्त्री, ही काय म्हणतेय?"

मामंजींनी मान डोलावली.

"बघा, ते पण तेच म्हणतात," ती म्हणाली आणि कामाला लागली.

दुकानाच्या मागच्या बाजूला कार्बन काढायची दोन भांडी ठेवलेली असत. एक लोखंडी बादली, तिच्यात कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी. दुसरा पत्र्याचा डबा, त्यात रॉकेल. लोखंडाची वस्तू सोड्यात टाकली की कार्बन गळून पडतो, लोखंडाला ओरखडाही येत नाही. ॲल्युमिनियमची वस्तू मात्र रॉकेलात भिजवायची आणि मग लाकडाच्या चपट्या काडीनं हळूहळू खरवडायची. ॲल्युमिनियमला सोडा दाखवायचा नाही. सोडा त्याला खाऊन टाकतो, साखर विरघळावी तसं. मामंजींच्या उमेदीत मोठ्या इंजिनांचे पिस्टन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असत, ते सरळ सोड्यात जात. या लहान इंजिनाचा पिस्टन ॲल्युमिनियमचा होता.

तिनं सायलेन्सर सोड्यात टाकला आणि पिन काढून पिस्टन सुटा केला. पिस्टनवरच्या दोन्ही रिंगा बोटांनी अलगद फाकवून काढल्या आणि फडक्यावर मांडल्या. पिस्टन रॉकेलात टाकायच्या आधी वरवरचा थर काढावा म्हणून तो पोत्यावर ठेवला. तेवढ्यात पंपवाल्यानं रस्त्यापलीकडून हाक मारली. पाणी ओढायच्या नळीची जाळी चिखलानं भरली होती. "ही पण बघून घ्या, नाहीतर उद्या म्हणाल चिखल ओढला म्हणून इंजिन गेलं." ती गेली. नळी हातगाडीवर वेटोळं घालून पडलेली, जाळीत शेवाळ आणि मुळ्या अडकलेल्या. ती एकेक मुळी ओढून काढू लागली.

मान वळवून पाहिलं तर दारात मामंजी विचारायला आल्यासारखे उभे. एका हातात पिस्टन, दुसऱ्या हातात लोखंडी खरवडणी. हात नेहमीसारखा थरथरतोय.  ॲल्युमिनियमवर लोखंड एकदा घसरलं की चरा पडणार.

"मामंजी," ती रस्त्यावरूनच ओरडली, "पिस्टन सोडा!"

त्यांनी खरवडणी खाली केली. तिच्या ओठांकडं पाहिलं. मग हातातला पिस्टन वरखाली करून त्याचं वजन अंदाजलं.

"सोडा?" त्यांनी विचारलं.

"हो, हो, सोडा! मी आलेच!"

ते आत वळले. तिला हायसं वाटलं. ती पुन्हा जाळीतल्या मुळ्या ओढायला लागली. शेवाळ चिवट होतं, बोटांना बिलगत होतं. पंपवाला शेजारी उभा राहून बांधावर रात्री कोण कोण आलं आणि कोणी किती तोंडसुख घेतलं ते सांगत होता.

परत आली तेव्हा मागून सूं सूं असा आवाज येत होता. बादलीतून करडा फेस वर येऊन कडांवरून ओघळत होता आणि नाकाला झोंबणारा वास सुटला होता. मामंजी बादलीशेजारी उकिडवे बसले होते, तोंड जरा बाजूला करून, राखण करत असल्यासारखे.

ती बादलीकडं धावली. चिमटा शोधायलाही थांबली नाही. काठीनं पिस्टन कडेला ओढला, फडक्यात धरून बाहेर काढला आणि सरळ पाण्याच्या पिंपात बुचकळला. मनगटावर थेंब उडाले. ते थंड वाटले, मग निसरडे, आणि मग आग आग झाली. ती पाणी ओतत राहिली, पिस्टनवर आणि हातावर, आळीपाळीनं.

पिस्टन चकाकत होता. कार्बनचा कण उरला नव्हता. पण रिंगांच्या खाचा रुंदावून एकमेकींत मिसळल्या होत्या आणि खालची कड वापरून संपत आलेल्या साबणासारखी झाली होती.

मामंजी तिच्याकडं बघत होते. "हलका होता," ते म्हणाले. "म्हणून परत विचारलं तुला."

पंपवाला पाठीमागून आत आला होता. त्याच्यामागं आळीतली आणखी दोघं, ज्यांची रोपं वाफ्यांत होती. पंपवाल्यानं पिस्टन पाहिला. त्याला इंजिनातलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

"कोणी टाकला हा सोड्यात?"

विचारताना त्याचं तोंड मामंजींकडं होतं. मग मामंजींना प्रश्न ओठांवरून समजला असावा. ते सरळपणानं म्हणाले, "सूनबाई म्हणाली, सोडा."

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. आणि तिला त्या क्षणी कळलं काय झालं ते. मनगटाची आग हातभर वर चढली. ‘मी सोडा म्हणाले, म्हणजे हातातला ठेवून द्या म्हणाले. यांना ऐकू येत नाही.’ एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर ती सुटली असती. आणि मिस्त्रीला ऐकू येत नाही ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली असती. बहिऱ्याकडं इंजिन कोण आणणार? घरातल्या अडगळीकडं बघावं तसं लोक त्यांच्याकडं बघायला लागले असते. मागच्या दारात सासू येऊन उभी राहिली होती. तिलाही सगळं कळलं होतं. ती सुनेकडं बघत होती.

"हो," सून म्हणाली. "मीच म्हणाले."

"घ्या!" पंपवाला त्या दोघांकडं वळून म्हणाला. "मुलगा परगावी गेला आणि दुकान चुलीला लागलं. भाजीत घालतात तसा सोडा घातला बाईनं इंजिनाला, लवकर शिजावं म्हणून!"

दोघांतला एक हसला. दुसरा हसला नाही, तो बादलीकडं बघत म्हणाला, "आमची रोपं गेली मग."

"दिवस मावळायच्या आत पंप बांधावर आणते," ती म्हणाली.

"कशानं आणता? पिस्टन काय झाडाला लागतात? शहरातून यायला दोन दिवस."

"आणते म्हटलं ना."

"आणाच," पंपवाला म्हणाला. "नाहीतर उद्यापासून हा पंप शहरातल्या दुकानाला. मिस्त्री, तुमच्याकडं बघून इतकी वर्षं आलो हो." तो रागारागानं निघून गेला. मामंजींनी त्याच्या पाठीकडं बघून मान डोलावली.

ती पायरीवर बसली. हात पाण्यात बुडवलेला. आणते म्हणाली खरी, पण कशानं? याच कंपनीचा दुसरा पंप एकदा आळीत होता. तो कालव्यात पडला आणि त्याचा सांगाडा तडकला, त्याला वर्षं झाली. "भंगारात गेला तो पंप," ती पुटपुटली.

"पिस्टन गेला नव्हता भंगारात," सासू म्हणाली.

ती आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. डब्यात उपडा पिस्टन. त्याच्या पोटात बटणं, हुक, टाचण्या. आणि आडवी जी दोन भोकं असतात, त्यांतून बारीक सळई घालून तिच्यावर दोऱ्याचं रीळ अडकवलेलं. सून लग्न होऊन आल्यापासून तो रोज बघत होती आणि तिला तो पिस्टन कधी दिसला नव्हता, दिसलं होतं ते सासूचं रीळ.

सासूनं बटणं पदरात ओतून घेतली. सळई काढली. पिस्टन सुनेच्या हातात ठेवताना तिनं तो जरा धरून ठेवला, मग दिला.

मापाला तोच होता. पण डोक्यावर आणि खाचांत जुना कार्बन असा बसला होता की नखानं टोकलं तर नख दुखलं. एवढ्या जुन्या थराला रॉकेलात निदान रात्रभर ठेवायला हवं. रात्र नव्हती. वाफ्यांत पाणी होतं.

तिनं रॉकेल ओतलं आणि लाकडाची काडी घेऊन डोक्यावरचा थर खरवडायला बसली. मामंजी समोर येऊन बसले. सकाळी काय घडलं ते त्यांच्या आता ध्यानात येत होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण अर्धंच. त्यांनी खिळ्यांच्या डब्यातून एक जुनी रिंग काढली, कडकन मोडली आणि तिचा तुकडा चिमटीत धरला. पिस्टनच्या खाचेत रिंगच बसते, त्यामुळं खाच साफ करायला तिच्याच तुकड्यासारखं दुसरं हत्यार नाही. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. करू का, असं.

तिनं पिस्टन दोन्ही हातांनी धरून त्यांच्यापुढं केला.

तुकडा खाचेत टेकला आणि हाताची ती थरथर कामाला लागली. पाना धरताना, चहाचा कप धरताना जी थरथर सगळं सांडून टाकायची, तीच खाचेत बारीक बारीक मागंपुढं होत कार्बन उकरत होती. काळी पूड सुनेच्या मांडीवर पडू लागली. ती पिस्टन कणाकणानं फिरवत होती, ते उकरत होते. मनगटावर फोड आला होता, त्यात रॉकेल जाऊन झोंबत होतं. दारातली उन्हाची पट्टी फडताळापर्यंत सरकली. सासूनं पाणी आणून ठेवलं, कुणी प्यालं नाही.

"तू काय म्हणाली होतीस?" मामंजींनी खाली बघतच विचारलं. "नेमकं."

तिनं बाहेर पाहिलं. रस्ता मोकळा होता. ती त्यांच्या उजव्या कानाशी वाकली. "पिस्टन ठेवून द्या म्हणाले. सोडा. हातातला सोडा."

तुकडा थांबला.

"सोड," मामंजी म्हणाले.

"हो."

"‘सोड’ म्हणाली असतीस तर कळलं असतं. सोड म्हणजे सोड. त्यात दुसरं काही नाही."

"तुम्हाला सोड कसं म्हणणार?"

त्यांनी तुकडा पुन्हा खाचेत घातला. पूड पडू लागली. मग त्यांनी विचारलं, "त्या लोकांना का नाही सांगितलंस?" आणि तिचं उत्तर ऐकू येणार नाही हे माहीत असल्यासारखे ते पुन्हा खाचेवर वाकले.

डोक्यावरचा थर अखेर पापुद्रा धरून सुटला. खालून एक बाण उमटला. पिस्टन कुठल्या अंगानं बसवायचा हे सांगणारा बाण, त्याचं टोक धूर जातो त्या बाजूला हवं. तो दिसला नसता तर तिनं अंदाजानं बसवला असता आणि अंदाज चुकला असता तर रिंग मोडली असती. तिनं बाणावर बोट ठेवून त्यांना दाखवलं. मामंजी पहिल्यांदा हसले.

रिंगा चढल्या. पिन बसली. धुराच्या भोकातला कार्बन तिनं काडीनं उकरून फुंकून काढला. सायलेन्सर सोड्यातून काढून धुतला, आपटला, वाळवला. हेडचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले, घाई होत होती तरी. तेल तिनं स्वतः मापून पेट्रोलात घातलं. हातगाडी तिनं ओढली आणि मामंजींनी मागून ढकलली.

बांधावर आळी जमली होती. सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात. पंपवाला हाताची घडी घालून उभा होता. नळी पाण्यात सोडली, पंप बसवला. तिनं दोर हातात घेतला, पण मनगट वळेना. दोरानं फोड फुटला आणि बोटं आपोआप उघडली.

"मिस्त्रींना द्या की," कुणीतरी म्हणालं. "ते काय नुसते बघायला आलेत?"

मामंजींनी दोर घेतला. चाकाला गुंडाळला. हात थरथरतो, मूठ सुटते म्हणून दुसऱ्या टोकाचे दोन वेढे त्यांनी आपल्या पंज्याला मारले, ते तिनं उशिरा पाहिलं. पहिल्या ओढीला इंजिन नुसतं हुंकारलं. दुसऱ्या ओढीला काळा धूर सोडून गप्प झालं. मागं कुणीतरी उसासा टाकला. "सोड्याचा ढेकर आला," पंपवाला म्हणाला. तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं आणि उलट फिरलं. चाकानं दोर आत खेचला. मामंजींचा हात, खांदा, सगळा माणूस त्या फिरत्या चाकाकडं ओढला गेला.

"सोड!" ती ओरडली. "सोड! दोर सोड रे!"

बोटं उघडली. वेढे सुटले. दोर चाबकासारखा हवेत फटकारून चिखलात जाऊन पडला. मामंजी बांधावर बसकण मारून पडले, पंजा लाल झालेला, पण धड. इंजिनानं एक गचका खाल्ला आणि थांबलं.

आणि बांधावर एकदम शांत झालं. इंजिन थांबलं म्हणून नव्हे. सून सासऱ्याला भर लोकांत ‘रे’ म्हणाली होती. एका बाईनं तोंडावर हात ठेवला. सुनेनं मान खाली घातली. आता पंप चालला काय आणि न चालला काय, असं तिला झालं.

मामंजी उठले. कपड्याला लागलेला चिखल झटकला.

"आता बरोबर ऐकू आलं," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो, तसे मोठ्यानं, सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं. "मीच सांगितलंय तिला, मला सोड म्हण म्हणून. सकाळी ती सोडा म्हणाली, पिस्टन ठेवून द्या या अर्थानं. मी तो सोड्यात टाकला. कान गेलेत माझे. चूक माझी आहे, तिची नाही."

मग त्यांनी चिखलातला दोर उचलला, चाकाला गुंडाळला, पंज्याला वेढा न घेता नुसता मुठीत धरला आणि ओढला. इंजिन पेटलं. या खेपेला सरळ. मामंजींनी खिशातून पेचकस काढला, मूठ दातांत धरली, टोक सिलेंडरला टेकवलं आणि डोळे मिटले. इंजिन खोकलं नाही. पहिला काळा धूर पातळ झाला, निळसर झाला, दिसेनासा झाला. नळीच्या तोंडातून गढूळ पाणी बदाबदा बांधापलीकडं पडायला लागलं.

पंपवाला बराच वेळ त्या पाण्याकडं बघत होता. काहीतरी बोलल्याशिवाय त्याला जाता येईना. "काही म्हणा मिस्त्री," तो म्हणाला, "सुनेनं सासऱ्याला अरे-तुरे करावं, हे काही..."

मामंजींनी दातांतला पेचकस काढला. "काय?"

"म्हटलं, अरे-तुरे..."

"काय म्हणालास? ऐकू येत नाही रे मला."

आळी हसली. पंपवाल्यानं पेट्रोलचा डबा उचलला आणि तो पलीकडं जाऊन उभा राहिला.

सकाळी पाणी उतरलं होतं. रोपं चिखलात झोपल्यासारखी आडवी, पानांवर गाळ, पण मुळाशी धरून उपटायला गेलं तर धरून राहत होती. सून ते बघून घरी आली तेव्हा सासू उंबऱ्यात बसली होती. सोड्यानं खाल्लेला पिस्टन तिनं घासूनपुसून घेतला होता आणि त्यात बटणं भरली होती. आडवी भोकं आता चांगली रुंद झाली होती, सळईवरचं रीळ खडखडत होतं.

"हा जास्त लख्ख आहे," सासू म्हणाली. सुईत दोरा ओवायला तिनं सुई उजेडाकडं धरली. "तू ह्यांना अरे म्हणालीस म्हणे. बांधावर."

"हो, आत्याबाई."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

सासूनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. आत मामंजी बादली विसळत होते, पाण्याचा आवाज येत होता.

"इतकी वर्षं माझ्या ओठावर होतं," ती म्हणाली. "राहूनच गेलं."